किती इंची बार?

दौंड तालुक्यातल्या यवत, खुटबाव, केडगाव या पट्ट्यात मोठं झाड बहुधा तीन कारणांनी आडवं होतं. वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा जुना आंबा मुळासकट उलथतो. घराला किंवा गोठ्याला जागा हवी म्हणून चिंच काढली जाते. नाहीतर रस्ता रुंद होतो. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी होताना कडेची जुनी झाडं गेली, आणि ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या पालखी मार्गाच्या कामात पाटसपासून पुढची गेली. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते, गावाची पिठलं-भाकरी खाऊन पुढे वरवंडकडे निघते, त्या वाटेवर सावली किती उरली हे वारकऱ्यांनाच विचारावं.

झाड पडलं की फांद्या दोन दिवसांत सरपणाला जातात. मागं राहतो बुंधा. तो उचलवत नाही, कुऱ्हाडीला दाद देत नाही, म्हणून शेवटी वखारवाल्याला बोलावून जळणाच्या भावानं वजनावर दिला जातो. ज्या बुंध्यातून दोन-तीन पिढ्या टिकणारा दरवाजा, ओट्यावरचा पाट किंवा दहा माणसांचं जेवणाचं टेबल निघालं असतं, तो महिन्याभरात राख होतो. मला याची मनापासून हळहळ वाटते, आणि हे प्रकरण त्या बुंध्यासाठीच लिहिलं आहे. चेनसॉ, ज्याला आपल्याकडे ‘वूड कटर’ म्हणतात, तो आता गावोगाव आहे. त्याला एक साधी चौकट जोडली तर पडल्या जागी ओंडक्याच्या फळ्या पाडता येतात. मात्र त्यासाठी मशिन आणि बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, नीट निवडावे लागतात, आणि नेमकं तिथंच चुकतं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘किती सीसीचं घेऊ?’ हा प्रश्न शेवटचा आहे. आधी ओंडका मोजायचा, त्यावरून बार ठरवायचा, बारवरून इंजिन.

मोजायला टेप पुरते. ओंडक्याभोवती टेप गुंडाळा, तो घेर. घेराला ३.१४ नं भागलं की जाडी मिळते. समजा बांधावरच्या आंब्याचा घेर ९ फूट भरला, म्हणजे १०८ इंच. जाडी झाली साडेचौतीस इंचाच्या आसपास. असा ८ फुटांचा तुकडा घेतला तर त्याचं खरं घनफळ साधारण ५१ ते ५२ घनफूट होतं. लाकडाच्या व्यापारात मात्र जुना हिशेब वेगळा आहे: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. त्या रीतीनं याच तुकड्याचे ४० घनफूट आणि वर थोडे भरतात. दोन्हींतला फरक सुमारे २१ टक्क्यांचा. ओंडका चौकोनी करताना बाजूची साल आणि धारा वाया जाणार हे गृहीत धरून ही रीत बसवलेली आहे, त्यामुळे तिच्यात फसवणूक नाही. पण ओंडका विकणाऱ्या शेतकऱ्याला दोन्ही हिशेब माहीत असलेले बरे.

आता वजन बघा. ५१ घनफूट म्हणजे जवळपास दीड घनमीटर, आणि ओल्या लाकडाचा घनमीटर टनाच्या आगेमागे भरतो. म्हणजे हा एक तुकडा दीड टनाचा झाला. उसाच्या शेतातून, पाटाच्या कडेनं, चिखलातून तो ट्रॅक्टरपर्यंत आणायचा, क्रेननं चढवायचा, सॉ मिलपर्यंत न्यायचा, आणि तिथल्या मशिनमध्ये एवढी जाडी बसते का ते पाहायचं. हा खर्च लाकडाच्या किमतीच्या वर जातो तेव्हाच चेनसॉनं जागेवर चिरण्याला अर्थ आहे. ओंडका दीड फुटाच्या आतला असेल आणि रस्त्यालगत असेल तर तो सरळ सॉ मिलला न्यावा. तिथल्या बँडसॉची पात पातळ असते. एका चिरेत दोन-तीन मिलिमीटर लाकूड भुशात जातं. चेनसॉची चीर नऊ मिलिमीटरच्या घरात असते. इंचभर जाडीच्या फळ्या पाडायच्या तर चेनसॉनं चौथ्या हिश्श्याहून जास्त लाकडाचा भुसा होतो. दोन इंची पाट पाडले तर तोच तोटा पंधरा टक्क्यांवर येतो. म्हणून चेनसॉचं काम जाड पाटांचं, आणि सॉ मिलच्या तोंडात न मावणाऱ्या ओंडक्यांचं.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातला एक भाग आपल्या निवडीशी थेट जोडलेला आहे. जर्मनीतल्या अँड्रियास स्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत आणली, १९२९ मध्ये पेट्रोलवरची. दोन्ही दोन माणसांनी धरायच्या. त्या काळच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे होते. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी एका बुडख्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याच्या दोन बाजूंनी आळीपाळीनं, उजवीकडं आणि डावीकडं, लाकूड कुरतडत पुढं जात होती. तिला लाकडाचे रेषे आडवे की उभे याची फिकीर नव्हती. कॉक्स यांनी तशा आळीपाळीनं डाव्या-उजव्या वळलेल्या दातांची साखळी बनवली, आणि आज जगभरच्या चेनसॉवर तीच साखळी थोड्याफार फरकानं फिरते आहे.

साखळी हातात घेऊन एक दात जवळून पाहा. त्याला दोन धारा असतात: बाजूची उभी आणि वरची आडवी. दाताच्या पुढं एक बुटकं बोंड असतं. दात किती खोल शिरेल ते तिथं ठरतं. झाड आडवं कापताना बाजूची धार रेषे तोडते आणि वरची धार तुटलेले रेषे सोलून बाहेर काढते. भुसा खरबरीत, चपट्या तुकड्यांचा पडतो. ओंडका लांबीत चिरताना मात्र सगळं उलटतं. बार ओंडक्यावर आडवा असतो, साखळी रुंदीतून धावते आणि मशिन बुंध्याकडून शेंड्याकडं सरकतं. आता वरच्या धारेला प्रत्येक रेषा टोकाकडून तोडावी लागते. लाकडाचं हे सगळ्यात चिवट तोंड. भुसा पिठासारखा बारीक येतो, इंजिनावर ताण प्रचंड येतो आणि तो थांबत नाही. आडव्या कापाला अर्धा-एक मिनिट लागतो, मग मशिनला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आठ फुटांची चीर काढताना ते कित्येक मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर राहतं. फांद्या तोडायला उत्तम असलेलं मशिन ओंडका चिरताना दम का तोडतं, याचं उत्तर इथं आहे.

ज्या चौकटीनं हे काम होतं तिला अलास्कन मिल म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या ग्रॅनबर्ग कंपनीमुळे ती प्रसिद्ध झाली. रचना अगदी सोपी. बारला दोन ठिकाणी पकडणारे शिकंजे, आणि बारच्या वर, हव्या त्या उंचीवर बसवता येणारी समांतर चौकट. चौकट ओंडक्याच्या सपाट पृष्ठावरून सरकते, तेवढ्याच खोलीवर खालून बार कापत जातो. पहिल्या चिरेला ओंडक्याला सपाट पृष्ठ नसतं, म्हणून त्यावर सरळ ॲल्युमिनियमची शिडी किंवा न वाकलेली लांब फळी स्क्रूनं ठोकून तिच्यावरून चौकट चालवतात. पुढच्या प्रत्येक चिरेला आधीच्या चिरेनं तयार झालेलं पृष्ठ पुरतं. पहिल्या चिरेत शिडी हलली किंवा झोल खाल्ला, तर तो वाक खालच्या शेवटच्या फळीपर्यंत उतरतो. पहिल्या चिरेच्या मांडणीला तासभर गेला तरी तो सत्कारणी लागला.

आता बार. दुकानदार २२ इंची म्हणतो तेव्हा ती साखळीनं कापण्याची जवळपास सगळी लांबी असते. चौकटीत बसवल्यावर त्यातले काही इंच जातात. इंजिनाकडच्या बाजूला एक शिकंजा, टोकाला दुसरा. टोकाच्या शिकंज्याला बारमधल्या चाकापासून मागं धरावं लागतं. ते चाक दाबलं गेलं तर बार बाद झालाच म्हणून समजा. सहा इंच वजा करावेत हा माझा हिशेब. म्हणजे २२ इंची बारवर १६ इंचांची फळी, ३० वर २४, ३६ वर ३०, ४२ वर ३६. आपल्या त्या ९ फूट घेराच्या आंब्याला, मधली सगळ्यात रुंद चीर धरून, ४२ इंची बार लागेल.

इथं थांबून ओंडका पुन्हा नीट पाहायला हवा, कारण खोड दंडगोल नसतं. बुडाशी ते मुळांकडं पसरतं, विशेषतः चिंचेचं. तिच्या बुंध्याला खोल पन्हळी असतात, आणि टेप त्यांच्या उंचवट्यांवरून फिरली की घेर फुगून दिसतो. बुडाचा फूट-दीड फूट आडवा कापून वेगळा केला तर जाडी बऱ्याचदा चार-सहा इंचांनी उतरते आणि एक पायरी लहान बार पुरतो. दुसरा उपाय असा: कोपऱ्यांवरून धारा उतरवून ओंडका आधी दोन बाजूंनी चपटा करायचा आणि मग चिरायचा. फळीची नैसर्गिक कड मात्र त्यात जाते. तिसरा उपाय दोन्ही बाजूंनी चिरून मध्ये भेटण्याचा. तो मी कुणाला सुचवत नाही. दोन चिरा मध्ये जुळत नाहीत, पायरी पडते, आणि ती रंधून काढताना आणखी लाकूड जातं.

बार गरजेपेक्षा लांब घेतला तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं. लांब बारमध्ये साखळी लांब, घर्षण जास्त, तेल जास्त, बारच्या मध्यात झोल जास्त. झोल आला की फळी मध्ये जाड आणि कडेला पातळ होते. शिवाय इंजिनाच्या ऑइल पंपाला इतक्या लांब टोकापर्यंत तेल पोचवणं जमत नाही. तीस इंचांच्या पुढं टोकाजवळ थेंब थेंब तेल सोडणारी वेगळी छोटी टाकी जोडावी लागते. सर्वांत मोठ्या ओंडक्यासाठी घेतलेला बार रोजच्या लहान ओंडक्यावर मशिनचा आणि माणसाचा दम काढतो.

इंजिनाचा हिशेब दातांवरून करावा, असं माझं ठाम मत आहे. साखळीचं माप पिचमध्ये, म्हणजे कड्यांच्या खिळ्यांमधल्या अंतरात, सांगतात. थ्री-एट, म्हणजे ३/८ इंची, पिचच्या साखळीत दर दीड इंचाला एक दात येतो. बारा इंच रुंद लाकडात एका वेळी आठ दात गुंततात, छत्तीस इंचांत चोवीस. म्हणजे तिप्पट रुंदीला तिप्पट ओढ. आणि ही ओढ असतानाही साखळीचा वेग पडता कामा नये. साखळी फिरवणाऱ्या सात दाती चाकावर, म्हणजे स्प्रॉकेटवर, इंजिन मिनिटाला १०,००० फेरे मारत असेल तर साखळी सेकंदाला २२ मीटर धावते. हायवेवरच्या ताशी ८० किलोमीटरच्या गाडीचा वेग. भार येऊन फेरे घसरले की दात कापत नाहीत, घासतात. घासण्यानं उष्णता वाढते, धार जाते, चालवणारा आणखी जोर लावतो आणि फेरे आणखी पडतात. नवख्याचं मशिन बहुधा याच फेऱ्यात जळतं.

त्यावरून ढोबळमानानं असं सांगता येईल. ५० ते ६० सीसीचं इंजिन चिरण्याच्या कामात १४ ते १६ इंच रुंदीपर्यंत. ७० सीसीच्या आसपासचं २० इंचांपर्यंत, मऊ लाकडात दोन-तीन इंच अधिक. ९० सीसीचं ३० इंचांपर्यंत. त्यापुढं १२० सीसी. नावं घ्यायची तर स्टिलचं एमएस ६६१ सुमारे ९१ सीसीचं आणि एमएस ८८१ सुमारे १२१ सीसीचं. हस्क्वार्नाचं ३९५ एक्सपी ९३ सीसीच्या पुढचं. ही जंगलात दिवसभर राबायला बनवलेली मशिनं आहेत. सुटे भाग आणि दुरुस्ती कुठं मिळते हे किमतीइतकंच महत्त्वाचं. स्टिलच्या भारतातल्या कंपनीचा पत्ता चाकणचाच असल्यानं यवतकराला त्या बाबतीत फार लांब जावं लागत नाही.

शेती अवजारांच्या दुकानांत सगळीकडं लावलेलं ५८ सीसी, २२ इंची बार हे जे गणित आहे, त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. फांद्या छाटायला, सुबाभूळ-निलगिरी तोडायला, सरपण करायला ते मशिन चांगलं आहे आणि खिशाला परवडतं. पण २२ इंची बार बघून २० इंची आंबा त्यानं चिरायला घेऊ नये. चौकटीत मुळात १६ इंचच उरतात, आणि बाभळीसारख्या कठीण लाकडात त्या १६ इंचांनाही इंजिन कसंबसं पुरतं. याच मशिनवर १६ किंवा १८ इंची बार लावा, दहा-बारा इंची ओंडके चिरा, दर दोन चिरांनंतर मशिन गार होऊ द्या. ते तुम्हाला वर्षानुवर्षं साथ देईल.

उष्णतेबद्दल आणि तेलाबद्दल आणखी काही गोष्टी. पेट्रोलमधलं टू-स्ट्रोक ऑइल कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणातच घालावं. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. डोळ्यांच्या अंदाजानं ओतलेलं ऑइल सिलिंडर खातं. कार्बुरेटरला हाताचा स्क्रू असेल तर चिरण्याच्या कामासाठी वरच्या वेगाचं मिश्रण किंचित गडद, म्हणजे थोडं जास्त पेट्रोलचं, ठेवतात. फेरे थोडे कमी मिळतात, पण पिस्टन गार राहतो. एअर फिल्टर दर टाकीला झटकावा, कारण पिठासारखा भुसा आडव्या कापाच्या भुशापेक्षा फार लवकर फिल्टर बुजवतो. बारच्या तेलाच्या जागी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालण्याची पद्धत सर्रास आहे. त्यातले धातूचे कण आधी पंप खातात, मग बारची खाच. शिवाय ते काळं तेल फळीत मुरतं आणि पॉलिशखालून वर दिसत राहतं.

साखळी घेताना तीन मापं जुळली पाहिजेत: पिच, खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, आणि कड्यांची संख्या. बारवर ही मापं कोरलेली असतात. पिच स्प्रॉकेटशीही जुळावं लागतं. चिरण्यासाठी रिपिंग चेन म्हणून वेगळी साखळी मिळते. नेहमीच्या साखळीत वरच्या धारेचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो, रिपिंगमध्ये १०. धार जितकी सरळ तितकी रेषांच्या टोकांवर ती नीट बसते आणि फळी गुळगुळीत निघते. ती मिळाली नाही तर नेहमीची साखळी गोल कानशीनं हळूहळू १० अंशांवर आणता येते. थ्री-एटला कानस ५.२ ते ५.५ मिलिमीटरची लागते, .३२५ ला ४.८ ची. दातापुढचं बोंड धारेच्या खाली साधारण पाऊण मिलिमीटरच्या आत ठेवावं. ते जास्त घासलं तर साखळी लाकडात गुंतते आणि मशिन हिसके देतं. फार रुंद ओंडक्याला विरळ दातांची साखळीही मिळते. छत्तीस इंचांत चोवीसऐवजी सोळा दात गुंततात, त्यामुळे इंजिनाला उसंत मिळते. फळी मात्र थोडी खरबरीत येते.

लाकूड कोणतं, यावर हे सगळे आकडे मागंपुढं सरकतात. आंबा चिरायला सोपा, पण पडल्यावर पडून राहिला तर बुरशीनं निळा-काळा पडतो आणि किडा लागतो. त्याला पावसाळ्यापूर्वी चिरून टाकावं. कडुनिंबाचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. चिरताना त्रास नाही, रंधताना आहे. रस्त्याकडेचा वर्षावृक्ष, ज्याला विलायती शिरीषही म्हणतात, तो रुंद पाटांसाठी उत्तम. त्याचा तपकिरी गाभा आणि पिवळसर कड यांचं टेबल फार देखणं होतं, आणि जाडीच्या मानानं तो इंजिनाला हलका जातो. बाभूळ फार जाड होत नाही, पण एकदा सुकली की दातांची परीक्षा घेते. गाडीची चाकं, कुळव, औत यांना पूर्वी तिचंच लाकूड लागायचं ते याच कणखरपणामुळे. ती ओली असतानाच चिरावी. चिंच या सगळ्यांत जड. बाहेरचं लाकूड पिवळट, आतला गाभा जांभळट तपकिरी आणि बहुधा अरुंद. चिंचेसाठी वरच्या हिशेबातून इंजिनाची एक पायरी वर चढावी, आणि जवळपास प्रत्येक चिरेनंतर धार लावण्याची तयारी ठेवावी.

रस्त्याकडेच्या आणि गावातल्या झाडांत लोखंड असतं. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, कुंपणाची तार, गुरं बांधायचे आकडे, कधी काळी ठोकलेला पाळण्याचा हूक. झाड वर्षाला थोडं थोडं करून ते गिळतं आणि वर साल धरतं. पुण्यात ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेनं झाडांतले खिळे काढण्याची मोहीम चालवली, ती झाडांच्या जिवासाठी; फळ्या पाडणाऱ्यालाही तिचा फायदा होतो. मेटल डिटेक्टर मिळाला तर जरूर फिरवावा. नसेल तर आडव्या कापाच्या तोंडावर निळा-काळा डाग आहे का बघावा. आंबा, बाभूळ, चिंच यांच्या रसात टॅनिन असतं, लोखंड लागलं की ते काळं पडतं. डागाच्या सरळ रेषेत कुठंतरी खिळा सापडतो. जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतचा, माणसाच्या हाताला येणारा भाग सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तोच सर्वांत रुंद आणि मौल्यवान. म्हणून अशा ओंडक्याला जुनी साखळी आधी चालवावी.

कायद्याचा भाग लहान आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चंदन, खैर यांच्याबरोबर आंबा, चिंच आणि जांभूळही आहेत. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी हे झाड तोडायला परवानगी लागते. वाऱ्यानं पडलं असेल तरी फोटो काढून, तलाठ्याला दाखवून, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून मगच मशिन लावावं. लाकूड वाहून न्यायचं असेल तर पासचंही तिथंच विचारावं. दुसऱ्याचे ओंडके धंदा म्हणून चिरायचे असतील तर प्रश्न सॉ मिलच्या परवान्यापर्यंत जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशांनंतर, १९९६ पासून, या परवान्यांवर कडक नजर आहे. आधी विचारलेलं केव्हाही बरं.

आणि माणूस. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो आणि चिरताना तो तासन् तास कानाशी राहतो. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड बूट, मांड्यांवर साखळी अडवणारं कापड हा खर्च मशिनच्या किमतीतच धरावा. चपलेवर मशिन चालवणारी माणसं मी पाहतो तेव्हा पोटात गोळा येतो. चौकटीत बार अडकलेला असल्यानं मशिन उसळून तोंडावर येण्याचा धोका कमी होतो. पण साखळी तुटण्याचा राहतो, आणि धुराचा वाढतो, कारण चालवणारा वाकलेला असतो. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहू नये, धूर कडेनं जाईल असा ओंडका मांडावा. बुंधा थोडा उंच आणि शेंडा खाली असा उतार दिला तर मशिन स्वतःच्या वजनानं सरकतं आणि कंबर वाचते. चीर दोन-तीन फूट पुढं गेली की मागं लाकडी पाचरी ठोकत जाव्यात, म्हणजे वरची फळी बारवर बसत नाही. पाचर कधीही लोखंडी नको.

मग यवतच्या शेतकऱ्यानं किंवा सुतारानं घ्यावं काय? वर्षाकाठी चार-पाच ओंडके, तेही फूट-सव्वा फुटाचे असतील तर ५८ सीसी आणि छोटी चौकट पुरे. सुताराचं काम असेल, आंबा-कडुनिंबाचे दीड फुटाच्या आसपासचे बुंधे नियमित येत असतील, तर ७० सीसीचं चांगल्या कंपनीचं मशिन, २४-२५ इंची बार आणि तीन रिपिंग साखळ्या. या भागात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी जोडी हीच, असं मला वाटतं. तीन फुटी आंब्यासाठी १२० सीसीचं मशिन एकट्यानं विकत घेण्यात शहाणपण नाही. दौंड आणि शिरूर तालुक्यांत ऊसतोडणीची, मळणीची, खोदाईची यंत्रं भाड्यानं फिरतात तसं एक मोठं मशिन, चौकट आणि ते जाणणारा माणूस भाड्यानं फिरला पाहिजे. दोन-तीन गावांच्या शेतकरी गटानं मिळून ते घेतलं तर बांधावरचा प्रत्येक मोठा बुंधा वजनाच्या काट्यावर जाण्यापूर्वी एकदा मोजला तरी जाईल.

फळ्या पडल्या की काम संपत नाही. हा पट्टा पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखातलं ऊन ओल्या फळीला दोन दिवसांत टोकाकडून तडकवतं. चिरल्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट लावावा. फळ्या जमिनीपासून फूटभर उंच, एकावर एक, मध्ये इंचभर जाडीच्या सारख्या पट्ट्या ठेवून गोठ्याच्या किंवा शेडच्या सावलीत रचाव्यात, वर वजन ठेवावं. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळी त्यांच्या मध्ये वाकते. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष. दोन इंची आंब्याचा पाट या मे महिन्यात रचला तर सुतारानं त्याला पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हात लावावा.